तेंदूपत्त्याचे पैसे अडलेल्या गावाची बातमी नागपूरहून कशी करावी?

कॅमेरावाला_खामला

नमस्कार मंडळी. मी नागपूरचा, राहायला खामल्याला. एका कोचिंग क्लासचे व्हिडिओ एडिट करायची नोकरी आहे. पत्रकारितेचं शिक्षण नाही, ओळखी तर नाहीतच. फक्त कॅमेरा बरा आहे आणि शनिवार-रविवार मोकळा असतो.

कॉलेजच्या हॉस्टेलमधला एक मित्र गडचिरोलीच्या कुरखेडा तालुक्यातला, गोंड. त्याच्या गावी तेंदूच्या, म्हणजे बिडीच्या पानाच्या, हंगामात गेलो होतो. पहाटे अंधारातच घरची माणसं जंगलात, दुपारी अंगणात पानांचा ढीग आणि भोवती सगळं घर पुडकी बांधायला बसलेलं. आजी एकीकडे माझ्याशी बोलत होती, दुसरीकडे न मोजता बरोबर सत्तर पानं हातात घेत होती. संध्याकाळी ती पुडकी फळीवर, म्हणजे पानं मोजून द्यायच्या जागी. उघड्या जागेवर ओळीनं मांडलेली, एक माणूस काठी घेऊन मोजत चाललेला, दुसरा वहीत लिहीत. हे सगळं मी शूट केलं, झकास आलं आहे.

पण रात्री जेवताना वेगळाच विषय निघाला. मागच्या हंगामाचा माल ठेकेदारानं उचलून नेला, पहिला हप्ता दिला, उरलेले पैसे अजून दिलेच नाहीत. फोन लावला की “पुढच्या सोमवारी”. मित्राच्या काकांनी मला थेट विचारलं, “तुमी हे मोबाइलवर टाकान, मंग का होईल?” माझ्याकडे उत्तर नव्हतं.

इथे एका ओळखीच्या पत्रकाराला सांगितलं, तर म्हणे तेंदूची बातमी कोण वाचते बे, नक्षल काही असेल तर सांग. म्हणून इथे विचारून राहिलो. अशी बातमी नीट करायची तर सुरुवात कुठून करायची? आणि काकांना काय सांगू?

ऑरेंज_सिटी_बॉय

भाऊ, थंबनेलवर आजीचा चेहरा घे आणि मोठ्या अक्षरात लिही, “जंगलात जे दिसलं ते पाहून डोळ्यात पाणी आलं.” मागे बासरी. लाखभर व्ह्यूज कुठे गेले नाहीत. कायदाबियदा दहाव्या मिनिटाला टाक, तोवर कोणी थांबत नाही.

जिल्हापान

वरचा सल्ला मनावर घेऊ नकोस. मी इथल्या एका दैनिकात बरीच वर्षं गडचिरोली-चंद्रपूरचं पान लावायचे, आता निवृत्त आहे. त्यामुळे उत्तर लांबेल, चहा घेऊन बस.

“कोण वाचते” हे कारण खरं नव्हे. तालुक्याच्या गावचा वार्ताहर बहुतेक ठिकाणी पगारावर नसतो. त्याची कमाई जाहिरातीच्या कमिशनवर. १५ ऑगस्ट, २६ जानेवारी, दिवाळी आणि साहेबांचा वाढदिवस अशा पुरवण्या निघतात, त्याला टार्गेट असतं. आता तालुक्यात जाहिरात देऊ शकणारी माणसं कोण? रस्त्याचा ठेकेदार, रेतीवाला, धान्याचा व्यापारी आणि तुझा तो तेंदूवाला. मग त्याच्याकडे बाकी किती ही बातमी येणार कुठून? वार्ताहर वाईट नसतो रे. त्याला घर चालवायचं असतं. तुझी नोकरी कोचिंग क्लासची आहे, हे तुझं भांडवल समज.

आता मुख्य मुद्दा. तुझ्या मजकुरावरून वाटतं की तू “आदिवासींची लूट” अशी गोष्ट मनात धरून बसला आहेस. ती सोड. २००६ च्या वनहक्क कायद्यानं तेंदू आणि बांबू ही दोन्ही गौण वनोपजात (इमारती लाकूड सोडून जंगलातून मिळणाऱ्या मालात) धरली आणि त्यांची मालकी गावाला दिली. त्याआधी गावातली माणसं फळीवर मजुरी घ्यायची, विकणारं सरकार होतं. आता विकणारी ग्रामसभा आहे. २०१२ मध्ये नियम बदलले, तेव्हापासून वाहतुकीचा परवानासुद्धा ग्रामसभेच्या समितीनं द्यायचा. महाराष्ट्रात पेसाचे, म्हणजे आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणाऱ्या कायद्याचे, २०१४ चे नियम आहेत ते वेगळे. गडचिरोलीत हजाराहून जास्त गावांना सामूहिक वनहक्क मिळालेले आहेत. म्हणजे तुझ्या मित्राचं गाव काही कोणाच्या दयेवर नाही, त्याचं येणं थकलं आहे. ती ग्रामसभा धनको आहे. इतवारीतल्या एखाद्या व्यापाऱ्याचे पैसे बुडाले तर आपण त्याच्या म्हाताऱ्या आईचा चेहरा दाखवतो का? बिलं दाखवतो. इथेही तेच कर.

गडचिरोलीतल्याच मेंढा (लेखा) गावाचं उदाहरण सगळे देतात. २७ एप्रिल २०११ ला तिथे केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांच्यासमोर बांबूच्या वाहतूक परवान्याचं पुस्तक गावाच्या हाती आलं. गावाला वनहक्क २००९ मध्येच मिळाला होता, पण स्वतःचा बांबू गावाबाहेर न्यायला दिल्लीहून मंत्री यावा लागला. फोटो सगळीकडे छापून आले. त्यानंतर शेकडो गावांनी माल विकला, भाव ठरवले, करार केले, काही फसले, काही तरले. त्यावर किती लिहिलं गेलं? उद्घाटन झालं की आमचा धंदा संपतो.

तर कागद. करारनामा आधी बघ. त्यात प्रमाण गोणीचा दर काय, किती हप्ते, शेवटचा हप्ता माल उचलण्याआधी की नंतर, आणि वाद झाला तर कुठे जायचं. हजार पुडक्यांची एक प्रमाण गोणी, म्हणजे आजीच्या हातची सत्तर हजार पानं. मग फळीचं रजिस्टर: कोणत्या कुटुंबानं कोणत्या दिवशी किती पुडकी टाकली. मग वाहतूक परवान्यांच्या स्थळप्रती: किती गोण्या, कोणत्या गाडीनं, कोणत्या तारखेला गेल्या. आणि ग्रामसभेचं पासबुक. हे चार कागद शेजारी ठेव आणि बेरीज कर. रजिस्टरमधल्या गोण्या आणि परवान्यावरच्या गोण्या जुळतात का? ठेकेदार म्हणेल पान खराब निघालं, गारपिटीनं डागलं, म्हणून कमी दिले. ठीक आहे, पण करारात घट धरायची सोय आहे का? हिशेबात जीएसटी कोणी भरायचा हेही बघ. तेंदूवर १८ टक्के होता, २२ सप्टेंबर २०२५ पासून ५ झाला. त्या फरकावर बरेच खेळ होतात.

आणि हो, बेरीज न जुळण्याचं कारण कधी गावातच निघतं. समितीच्या एखाद्या माणसानं परस्पर उचल घेतलेली असते. तेही लिहायचं. आपल्या बाजूचं गाव म्हणून झाकलं तर ठेकेदार पहिल्याच दिवशी तेच कागद काढून तुझा व्हिडिओ निकालात काढेल.

ठेकेदाराची बाजू लेखी माग. फोन कर, मग मेसेज कर, मुदत दे, उत्तर आलं तर ते पूर्ण दाखव. नाही आलं तर “या तारखेला विचारलं, उत्तर नाही” एवढंच. खोचक काही जोडू नको.

सामूहिक वनहक्काच्या पट्ट्याची प्रत गावात नसेल, आणि पुष्कळदा ती कोणाच्या तरी ट्रंकेत किंवा जुन्या सरपंचाकडे असते, तर माहिती अधिकारात मागता येते. महाराष्ट्रात अर्ज एका विषयाचा, दीडशे शब्दांत, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, उत्तराची मुदत तीस दिवस. अर्जात प्रश्न विचारायचा नाही, कागद मागायचा. पट्ट्यावर जंगलाच्या तुकड्यांचे कक्ष क्रमांक असतात. तेही टिपून ठेव, कारण “ते पान तुमच्या हद्दीतलं नव्हतंच” हा युक्तिवाद कधी ना कधी येतोच.

एक गोष्ट मात्र हलक्यात घेऊ नको. गडचिरोलीला लागूनच छत्तीसगडचा बिजापूर जिल्हा आहे. तिथला मुकेश चंद्राकर तुझ्यासारखाच कॅमेरा घेऊन फिरायचा, “बस्तर जंक्शन” नावाचं यूट्यूब चॅनेल चालवायचा. रस्त्याच्या कामातल्या भ्रष्टाचाराची बातमी झाली आणि जानेवारी २०२५ मध्ये त्याचा मृतदेह एका ठेकेदाराच्या आवारातल्या सेप्टिक टँकमध्ये सापडला. तू रविवारी रात्री खामल्यात परत येशील, पण तुझा मित्र आणि त्याचे काका तिथेच राहणार आहेत. कोणाचा चेहरा दाखवायचा, कोणाचं नाव घ्यायचं, हे तू नाही, त्यांनी ठरवायचं. बातमी करणारा तू एकटाच आहेस असं तर कधीच दिसू देऊ नको. कच्चं फुटेज आणि कागदांचे फोटो दुसऱ्या कोणाकडे तरी ठेव.

वाचनालय_धंतोली

जिल्हापान ताईंचं वाचून थोडी भर. गावातून गावासाठी पत्र चालवणं आपल्याकडे नवीन नाही. मुकुंदराव पाटलांनी १९१० पासून “दीनमित्र” नगर जिल्ह्यातल्या खेड्यातून चालवलं, पुण्या-मुंबईहून नव्हे. अलीकडची म्हणाल तर चित्रकूटहून २००२ मध्ये सुरू झालेलं “खबर लहरिया”, जे बायकाच चालवतात, आणि छत्तीसगडमधलं २०१० चं “सीजीनेट स्वर”. त्यात साधा फोन असलेला माणूस मिस कॉल देऊन आपल्या गावची अडचण गोंडीत रेकॉर्ड करायचा, ती ऐकून कोणीतरी संबंधित अधिकाऱ्याला फोन लावायचा. पत्रकार पी. साईनाथांची ग्रामीण भारतावरची वेबसाइट “परी” मराठीतही आहे, लेख लांब असतात पण वाचा.

मला स्वतःला सीजीनेटचा प्रकार जास्त पटतो. तिथे बातमीच्या शेवटी अधिकाऱ्याचा फोन नंबर असायचा. आपल्याकडे मेळघाटच्या कुपोषणाचं बघा ना. १९९३ पासून दर पावसाळ्यात तीच बातमी, तोच मुलाचा हडकुळा फोटो, आकडा तेवढा नवा. कोणत्या अंगणवाडीत अमृत आहार योजनेचे पैसे किती महिने आले नाहीत, हे शोधायला एखाद्यानं तिथे आठवडाभर राहावं लागतं. ते कोण करणार?

नागपूरकरांचं तर बोलूच नका. डिसेंबरात अधिवेशन आलं, मोर्चे आले की आपल्याला आदिवासी दिसतात, तेही ट्रॅफिक जाममधून. २३ नोव्हेंबर १९९४ ला गोवारींच्या मोर्च्यात ११४ माणसं चेंगरून मेली, झिरो माईलजवळ स्मारक आहे, उड्डाणपुलाला नावही आहे. त्यांची मागणी काय होती, उच्च न्यायालयानं २०१८ मध्ये काय म्हटलं आणि सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये ते का फिरवलं, हे सीताबर्डीत कोणालाही विचारून पाहा.

कोरची_लाइन

मी त्याच भागातला. आमच्या ग्रामसभेचं लिहायचं काम माझ्याकडं आहे, म्हणून बोलतो.

पत्रकार आमच्याकडं वाघानं माणूस मारला तं येतात, हत्ती आले तं येतात. २०२१ पासून हत्तीचा कळप फिरून राहिला तवापासून जरा जास्त येतात. धान तुडवलेल्या बांधीत उभं करून फोटो काढतात. पंचनाम्याचे पैसे किती आले ते पाहायला कोणी परत येत नाही.

कॅमेरावाला भाऊ, तुमचं शूटिंग चांगलंच असेल. पण तेंदूच्या दिवसात कोणाला बोलायला वेळ नसते. पहाटे जंगल, दुपारी पुडे बांधणं, संध्याकाळी फळी. ज्याला तेव्हा वेळ आहे तो एक तं ठेकेदाराचा दिवाणजी असते नाहीतर दुकानदार, आणि तोच तुम्हाला सगळी माहिती देते. गोंडीतून मराठी करून सांगणारापण बरेचदा तोच. म्हातारी पाच मिनिटं बोलते आणि हा म्हणते, “ती म्हणते सगळं बरं आहे.” तुमचा मित्र सोबत होता म्हणून वाचलात. दुसऱ्या गावाला जाल तं बोलणारी माणसं आपली घेऊन जा, एक बाई पाहिजेच. पुडे बायकाच बांधतात, पण कॅमेरा आला का माणसं समोर बसतात आणि हिशेब सांगतात. आमच्या फळीवर कोणाचे किती पुडे दिवाणजीनं “खराब” म्हणून बाजूला टाकले ते माणसांना माहीतच नसते, बायांना पाठ असते.

दुसरं, एका माणसाला पुढारी करून टाकू नका. व्हिडिओत एकच चेहरा दिसला का पोलिसवाले त्यालाच विचारतात का तू कोणाच्या सांगण्यावरून बोलते, आणि जंगलवालेपण (नक्षलवाले) त्यालाच विचारायचे. सुरजागडच्या लोहखाणीच्या वेळी, तोडगट्ट्याला २०२३ मध्ये लोक महिनोन्महिने बसले तेव्हा, जो माईकसमोर जास्त दिसला त्याला जास्त भोगा लागलं. दहा जणांना बोलवा. नाहीतर ठरावच वाचून दाखवा, खाली सगळ्यांच्या सह्या-अंगठे असतात.

टाकायच्या आधी गावात दाखवा. आम्ही त्यात तुमचं मत बदलायला सांगणार नाही, पण दर चुकला, नाव चुकलं तं सांगू. शहरातले म्हणतात असं दाखवणं पत्रकारितेत बसत नाही. आमच्या ग्रामसभेत कोणतीच गोष्ट सगळ्यांनी ऐकल्याशिवाय पास होत नाही, मग आमच्यावरचाच व्हिडिओ कसा काय होईल?

जिल्हापान

कोरची लाइन, दाखवण्याबद्दल माझं थोडं वेगळं मत आहे. गावाबद्दलचा भाग गावाला दाखवावा, पटतं. ठेकेदाराबद्दलचा भाग प्रसिद्ध होण्याआधी सगळ्या गावासमोर लावला तर तासाभरात तो त्याच्यापर्यंत पोचतो. दिवाणजीपण त्याच गावात राहतो ना? तेवढं समितीतल्या दोघा-चौघांनाच दाखवा.

कोरची_लाइन

हो ताई, ते बरोबर आहे.

कॅमेरावाला_खामला

सगळ्यांचे मनापासून आभार. ऑरेंज भाऊ, बासरी नाही लावत.

मित्राला फोन केला होता. करारनामा आहे, स्टॅम्पपेपरवर. त्यात शेवटचा हप्ता “माल उचलण्यापूर्वी” असंच लिहिलं आहे. पण पाऊस येऊन राहिला होता, ठेकेदार म्हणाला गोण्या भिजल्या तर दोघांचंही नुकसान, म्हणून समितीनं परवाने देऊन टाकले. आता माल गेला, हातात काही उरलं नाही असं काका म्हणतात. मग ताई, बातमी करून फायदा काय? पुन्हा त्याच प्रश्नावर आलो मी.

जिल्हापान

पाऊस आला म्हणून आधी परवाने द्या, हे त्या धंद्यातलं नेहमीचं आहे, तुझ्याच गावाचं नाही. तोच ठेकेदार आणखी किती ग्रामसभांशी असा वागला ते काढ. आजूबाजूच्या गावांचे करार तोच माणूस घेतो, कधी भावाच्या नावानं, कधी जावयाच्या. ग्रामसभांचे महासंघ आहेत, त्यांच्या बैठकीत विचारलं की एका दुपारी यादी निघते. समजा अशी बाकी आणखी पाच गावांची निघाली, तर ती सगळी मिळून एकत्र नोटीस देऊ शकतात, वकिलाचा खर्च वाटला जातो.

आणि काकांना उत्तर हे दे: तुझा व्हिडिओ नागपूरच्या लोकांसाठी नाहीच. पुढच्या हंगामाचे करार व्हायच्या आधी तो तालुक्यातल्या प्रत्येक ग्रामसभेच्या व्हॉट्सअॅपवर गेला पाहिजे. गोंडीत आणि मराठीत, पाच मिनिटांच्या आत. कोणता ठेकेदार, कोणत्या गावाचे किती बाकी, करारात काय लिहिलं होतं, परवाने कधी दिले. ज्या गावाकडे तो उद्या सही घ्यायला जाणार आहे त्या गावानं आधी विचारलं पाहिजे, “तिकडचे पैसे दिले का?” त्याला पान तर पाहिजेच, बिड्या काही सागाच्या पानात वळत नाहीत. तिथे तो नरम येतो. तुझे व्ह्यूज तीनशे झाले तरी चालतील, फक्त ते तीनशे बरोबर पाहिजेत.

सगळ्या रकमा पासबुकाशी पडताळल्याशिवाय मात्र नाव घेऊ नको. अब्रुनुकसानीची नोटीस तुझ्या खामल्याच्या पत्त्यावर येईल.

कॅमेरावाला_खामला

हे पटलं. मित्र म्हणतो पुढच्या रविवारी ग्रामसभा आहे, शनिवारी रात्री वडशापर्यंत येतो. कोरची लाइन भाऊ, तुमच्याकडची बाकी असेल तर सांगाल का?

कोरची_लाइन

आमची बाकी नाही, आम्ही परवाने अडवून धरले होते, तीन दिवस गाडी उभी होती फळीवर. पण बाजूच्या दोन गावांची आहे. या तुम्ही, मी रजिस्टर घेऊन येतो. व्हिडिओसोबत हिशेबाचा कागद प्रिंट काढून आणजा, मोठ्या अक्षरात. आमच्याकडं नेटवर्क टेकडीवर गेलं तरच भेटते, आणि कागद गोटुलच्या, म्हणजे गाव जमते त्या घराच्या, भिंतीला लावता येते.